सहा प्लेटा आणि एक शिलाई मशीन

माझा मेहुणा माणूस म्हणून वाईट नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यावरून तुमचा तसा समज होईल, आणि माझं लिखाण सर्वांत आधी बायको वाचते. मेहुणा लोकांचं घरसामान हलवून देण्याचा धंदा करतो. दोन टेम्पो, सहा माणसं आणि कमरेला चार बोटं रुंद चामडी पट्टा, एवढा त्याचा पसारा. घरात त्याला सगळे बारक्या म्हणतात. लहानपणी तो काडीसारखा होता म्हणे. आता ब्याण्णव किलोचा आहे, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

तर या बारक्याला एक खोड आहे. मी कुठलीही वस्तू उचलायला वाकलो की तो मागून येतो, माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "राहू द्या भावोजी. तुम्हाला नाही झेपायचं." लग्नाला अकरा वर्षं झाली. या काळात हे वाक्य त्याने बॅगा, खुर्च्या, पाण्याचं पिंप आणि एकदा तर कलिंगड यांच्यासंदर्भात उच्चारलेलं आहे. बरं, आवाजात कुचेष्टा नाही. खरीखुरी काळजी असते. अपमान करणाऱ्याशी माणूस भांडू शकतो. काळजी करणाऱ्याचं काय करायचं?

प्रकरण सुरू झालं ते शिलाई मशीनवरून. माझी बायको शाळांचे गणवेश शिवते. तिचं मशीन जुनं, खाली ओतीव लोखंडाचा चार पायांचा सांगाडा, वर जाड लाकडी फळी. आमच्या दोन खोल्यांमधल्या बोळकांड्यात ते जे बसलंय ते बसलंय. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो. सुईत दोरा ओवताना तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, आणि कितीतरी दिवस ती म्हणत होती की हे एकदा पुढच्या खोलीत खिडकीशी हलवा. त्या दिवशी बारक्याचा फोन आला तेव्हा तिने तेच सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता.

"ताई, दोन महिन्यांनी मी येतोच आहे तिकडे. मीच हलवून देतो. भावोजींना हात लावू देऊ नकोस. पाठ जायची त्यांची."

मी तिच्या हातातून फोन घेतला. "बारक्या, तू येशील तेव्हा मशीन खिडकीशी असेल. मी हलवीन. एकटा!"

पलीकडून अतिशय प्रेमळ आवाजात उत्तर आलं. "राहू द्या भावोजी."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, आपण दोघं धरू या ना. एक बाजू तुम्ही, एक मी. पाच मिनिटांचं काम."

"एकटा म्हटलंय मी."

"म्हणजे दोन महिने मी अंधारात डोळे फोडून घेऊ?"

"साठ दिवस फक्त," मी म्हणालो. महिन्यांचे दिवस केले की मुदत कमी वाटते, असा माझा समज होता. तिला तसं वाटलं नाही.

संध्याकाळी ती गणवेश पोचवायला गेल्यावर मी गुपचूप एकदा प्रयत्न करून पाहिला. मशीन हललं नाही. माझी कंबर हलली. पुढचे तीन दिवस मी कार्यालयात जमिनीवर काहीतरी हरवलेल्या माणसासारखा वावरत होतो.

आता कार्यालयाचं सांगायला हवं. मी वजनमापे कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. दुकानदारांची वजनं आमच्याकडे येतात, तपासून त्यांच्यावर शिक्का मारला जातो. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांची वजनं कागदावर उचलतोय. प्रत्यक्षात उचलायला शिपाई असतो. त्यामुळे ताकद कमवायला घेतलेल्या व्यायामशाळेच्या फॉर्ममध्ये 'वजनांचा पूर्वानुभव' असा रकाना दिसला तेव्हा मी छाती पुढे काढून 'एकवीस वर्षे' असं लिहिलं.

फॉर्मला डॉक्टरांचा दाखला जोडायचा होता. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, छाती ठोकली आणि विचारलं, "कशासाठी हे सगळं?" मी मशीनचं सांगितलं. ते म्हणाले, "चाकं लावा ना मशीनला." दाखला दिला, पण मान हलवत दिला. डॉक्टर, केशकर्तनालयवाला, कार्यालयाचा शिपाई, सगळ्यांनी मला हाच सल्ला दिला. जगात मनगटाची किंमत राहिली नाही, सगळ्यांना चाकं हवीत.

व्यायामशाळेचा कोच चोविसेक वर्षांचा होता. त्याची मान आणि डोकं एकाच रुंदीचं होतं, त्यामुळे मान कुठे संपते ते कळत नसे. पण मुलगा गुणी. मी त्याला मुदत सांगितली. तो विचारात पडला आणि मग म्हणाला, "काका, तुम्हाला ड्रॉप सेट शिकवतो."

ड्रॉप सेट म्हणजे असं, की जड वजन घ्यायचं आणि उचलत राहायचं, अगदी हात 'नाही' म्हणेपर्यंत. सर्वसाधारण माणूस इथे वजन खाली ठेवून पाणी पितो. आपण प्यायचं नाही. लगेच, विश्रांती न घेता, वजन थोडं कमी करायचं आणि पुन्हा 'नाही' म्हणेपर्यंत उचलायचं. मग आणखी कमी. मग आणखी.

"कसं आहे काका," कोच म्हणाला, "स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. काही मागे बसून राहतात. पुढचे दमले की मग मागच्यांना उठावं लागतं. सगळ्यांना कामाला लावलं की स्नायू वाढतो."

हे मला झटकन पटलं, कारण आमचं कार्यालय याच तत्त्वावर चालतं. मला तर हा प्रकारच फार आवडला. आयुष्यात प्रथमच अशी योजना भेटली होती, की जिच्यात हरणं हीच प्रगती. चार पायऱ्यांत चार वेळा हरायचं आणि दंड वाढवायचे! इतकी वर्षं मी फुकटच हरत आलो होतो.

"पण एक लक्षात ठेवा," कोच म्हणाला, "हे रोज करायचं नाही. शेवटचा एकच सेट असा करायचा, आणि मध्ये दोन दिवस आराम." हे वाक्य मी ऐकलं. ऐकलं नाही असं मी म्हणत नाही. पण औषध जर गुणकारी असेल तर चमचाभर का घ्यायचं, बाटली का नको, असा माझ्या मनाने कौल दिला.

पहिली अडचण अशी की वजन झटपट कमी करायला जोडीदार लागतो. आपण दांडा धरून उभे, आणि दुसऱ्याने दोन्ही टोकांच्या लोखंडी प्लेटा काढायच्या. व्यायामशाळेचा नियम होता की जोडीदार ज्याने त्याने आणावा. मी कार्यालयात विचारून पाहिलं. सगळ्यांनी चाकांचा सल्ला दिला. राहता राहिली बायको. तिला सकाळी घर सोडता येत नव्हतं, शाळा उघडायच्या बेतात होत्या आणि गणवेशांचे ढीग पडले होते. मग कोचनेच एका बंद पडलेल्या व्यायामशाळेतला आठ किलोचा दांडा आणि पाच-पाच किलोच्या सहा प्लेटा मिळवून दिल्या, आणि आमच्या पुढच्या खोलीत माझी साधना सुरू झाली.

सकाळी सहाला मी दांडा घेऊन उभा राहायचो. दोन्ही बाजूंना तीन-तीन प्लेटा, एकूण अडतीस किलो. वाकून गुडघ्यापासून पोटापर्यंत ओढायचा. सातव्या-आठव्या वेळेला हात संपले की मी ओरडायचो, "काढ!" बायको दोन्ही टोकांची एकेक प्लेट काढायची. अठ्ठावीस किलो. पुन्हा "काढ!" अठरा. पुन्हा "काढ!" मग नुसता दांडा. शेवटी मी तो नुसता दांडा घेऊन असा थरथरत उभा असायचो, की पाहणाऱ्याला वाटावं, दांड्यात वीज उतरली आहे. मग मी खुर्चीत कोसळायचो आणि बायको सहाच्या सहा प्लेटा परत चढवायची. असे चार सेट. कोचने एक सांगितला होता, पण वर म्हटलंच आहे.

बायकोचं मन यात नव्हतं हे मला कबूल केलं पाहिजे. तिचा फोन खांदा आणि हनुवटी यांच्यामध्ये असायचा. "हो बाई, कंबर सव्वीस, उंची किती म्हणालात?" असं बोलता बोलता ती एका हाताने प्लेट उपसायची, दुसऱ्या हातात घ्यायची, पलीकडे जाऊन दुसरी उपसायची. मी तिला दोन-तीनदा सांगितलं, की व्यायामात एकाग्रता लागते. ती म्हणाली, "तुम्ही करा एकाग्रता. मी प्लेटा काढते."

पाचव्या दिवशी दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात आणि तेच आमच्या इमारतीचे सेक्रेटरीही आहेत. त्यांच्या हातात वही होती.

"सहा वाजून चार मिनिटे, धप्प. सहा-सात, धप्प. सहा-नऊ, दोन धप्प लागोपाठ," त्यांनी वाचून दाखवलं. "आमच्याकडे झुंबर नाही म्हणून बरं."

मी त्यांना ड्रॉप सेट समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, दोन शंका विचारल्या आणि तिसऱ्या दिवशी लेखी परवानगी पाठवली. तिला अटी होत्या. अट एक, कोणतीही प्लेट जमिनीवर आपटू नये. घडी घातलेल्या गोधडीवर आवाज न करता, सावकाश ठेवावी. अट दोन, व्यायामाची वेळ वगळता सहा प्लेटा एका खोलीत असू नयेत. स्लॅबवरील भार विभागला जावा. अट तीन, हेडमास्तर आवाजाची नोंद ठेवतील आणि महिन्याला दहापेक्षा जास्त धप्प झाल्यास परवानगी रद्द.

दुसऱ्या अटीविरुद्ध मी पत्र लिहिणार होतो. माझं वजन सत्तर, बारक्याचं ब्याण्णव, आम्ही दोघं एका सोफ्यावर बसतो तेव्हा स्लॅबचं काय होतं, असा मुद्देसूद मसुदाही तयार होता. पण लिहायला हात उचलेना. त्यामुळे बायको रोज सकाळी स्वयंपाकघर, बोळकांडं, झोपायची खोली आणि बाल्कनी यांतून प्लेटा गोळा करायची, व्यायाम झाला की पुन्हा चार दिशांना नेऊन ठेवायची. मधल्या वेळात एकेक प्लेट गोधडीवर अशी अलगद टेकवायची, की जणू झोपलेलं तान्हं मूल खाली ठेवतेय. परवानगीनंतरच्या महिन्यात हेडमास्तरांच्या वहीत फक्त तीन धप्प निघाले. तिन्ही माझे होते, प्लेटांचे नव्हते.

रविवारी मोजमाप. बायकोची टेप घेऊन मी दंड पुढे करायचो, बेटकुळी काढायचो. ती टेप गुंडाळून आकडा सांगायची.

"साडेअकरा."

पुढच्या रविवारी, "साडेअकरा."

त्याच्या पुढच्या रविवारी मी जेवायच्या आधी, जेवल्यानंतर आणि श्वास रोखून अशी तीन मापं घ्यायला लावली. "तिन्ही साडेअकरा," ती म्हणाली. मी टेपच्या दर्जाबद्दल शंका घेतली. त्या टेपवर तिने शेकडो पोरांचे गणवेश बेतले होते, एकही परत आला नव्हता, त्यामुळे तो विषय मी वाढवला नाही.

याच सुमारास एकदा ती दिव्याखाली बसून स्वतःच्याच कुर्त्याच्या बाह्या उसवत होती. "आटल्या हो धुऊन," ती म्हणाली. "दंडाला काचतात." मी तिला हलक्या कापडाविषयी पंधरा मिनिटं माहिती दिली. तिने ती ऐकून घेतली आणि सुईत दोरा ओवायला माझ्यापुढे धरला, डोळ्यांतून पाणी येत होतं म्हणून. माझ्या हातांना इतका कंप होता की मला दोरा सोडाच, सुईही सापडेना. त्या क्षणी मला खरंच वाईट वाटलं. मशीन आजच दोघांनी मिळून हलवावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मग कानात "राहू द्या भावोजी" वाजलं आणि मी ओठ मिटले.

आता जे सांगणार आहे ते हात दाखवून अवलक्षण या सदरात मोडतं. एका सकाळी दांडा ओढताना माझ्या लक्षात आलं की प्लेटांवर 'पाच' असा उठावदार आकडा आहे, पण शिक्का नाही. दुसरा कुणी असता तर त्याच्या ते लक्षातही आलं नसतं. पण आमच्या कार्यालयात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला बिनशिक्क्याचं वजन पाहिलं की खाज सुटते. मी एक प्लेट पिशवीत घालून कार्यालयात नेली आणि काट्यावर ठेवली. पाच किलो तीनशे ऐंशी ग्रॅम!

म्हणजे मी रोज समजत होतो त्यापेक्षा सव्वादोन किलो जास्त उचलत होतो. आनंदाच्या भरात हे मी मोठ्याने बोललो. शेजारच्या खोलीतून निरीक्षक साहेब बाहेर आले.

"बिनशिक्क्याची वजनं? तुमच्या ताब्यात? आणि तीही चुकीची?"

"साहेब, चुकीची म्हणजे जास्त आहेत."

"जास्त असणं हीसुद्धा चूकच. काट्याला दोन्ही बाजू असतात."

"पण ती व्यायामाची आहेत साहेब."

"व्यापारात वापरत नाही कशावरून? घरी काही धंदा?"

"बायको कपडे शिवते. पण ती मापून देते साहेब, तोलून नाही देत."

"उरलेल्या पाचही हजर करा," साहेब म्हणाले. "आपल्याच माणसाला सोडलं असं व्हायला नको."

त्या सकाळी मी चार सेट केले होते आणि सहीसुद्धा दोन्ही हातांनी करत होतो. घरी फोन केला. बायको दोन पिशव्यांत पाच प्लेटा घालून, तीन मजले उतरून, बस पकडून अर्ध्या तासात हजर झाली. टेबलावर पिशव्या ठेवताना आवाजसुद्धा झाला नाही, हेडमास्तरांनी लावलेली सवय. "लवकर आटपा, गॅसवर भात ठेवून आलेय," ती साहेबांना म्हणाली. साहेबांनी लवकर आटपलं, म्हणजे पंचनामा करून सहाही प्लेटा जप्त केल्या.

नऊ दिवस त्या माझ्याच टेबलाशेजारच्या कपाटात होत्या. मी मीच तयार केलेल्या फायलीवर मीच केलेला अर्ज मलाच सादर करून वर पाठवत होतो. शेवटी 'सदर वजने व्यायामाव्यतिरिक्त कोणत्याही कारणासाठी वापरणार नाही' असं हमीपत्र घेऊन, प्रत्येक प्लेटवर 'तोलण्यास अयोग्य' असा पांढरा शिक्का मारून त्या सोडण्यात आल्या. घरी नेताना बायकोने दोन्ही हातांत पिशव्या घेतल्या. मी मागून सुटकेच्या आदेशाची फाइल घेऊन चढलो. दुसऱ्या मजल्यावर हेडमास्तर दारातच उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवायला मात्र त्यांनी नकार दिला.

वाया गेलेले नऊ दिवस भरून काढायला मी चाराचे सहा सेट केले. कोच रस्त्यात भेटला तेव्हा मला पाहून घाबरलाच. "काका, आराम करता ना?" मी म्हटलं, "रविवारनंतर."

कारण रविवारी बारक्या येणार होता.

रविवार उजाडला. बारक्या बाराला येणार, तोवर मला मशीन हलवायचं. आता कुणीही शहाणा माणूस सकाळी उठून चहा पिऊन सरळ मशीनला हात घालेल. मी म्हटलं, आधी एक ड्रॉप सेट. स्नायूतल्या मागच्या बाकावरच्यांनाही उठवून ठेवू, म्हणजे मशीनच्या वेळी सगळे हजर असतील. एकाचे दोन झाले, दोनाचे सहा झाले. सहाव्याच्या शेवटी मी "काढ!" ओरडलो तेव्हा बायको म्हणाली, "काय काढू? दांडाच राहिलाय."

मग मी मशीनपाशी गेलो. फळीखाली हात घातले. डोक्याने हुकूम सोडला. हुकूम खांद्यापर्यंत पोचला असावा, त्याच्यापुढे त्याची पोच आली नाही. हात माझ्या दोन्ही बाजूंना बाह्यांसारखे लोंबत होते. पुढचे बाक, मागचे बाक, सगळे एकदम रजेवर गेले होते.

"आंघोळ करून येतो," मी म्हणालो. "गरम पाण्याने मोकळे होतील."

आंघोळ ही काय सोपी गोष्ट आहे, असं तुम्हाला वाटत असेल. तांब्या गुडघ्याच्या वर जाईना. मी शेवटी बादलीपाशी बसून तोंडच पाण्यात बुडवलं. अर्ध्या तासाने, शर्टाची बटणं न लावता बाहेर आलो, तर बोळकांडं मोकळं होतं. जमिनीवर सांगाड्याच्या चार पायांचे चार पांढरे ठसे, बस. पुढच्या खोलीत खिडकीशी, भर उन्हात मशीन होतं, आणि बायको त्याच्यापुढे बसून बाही जोडत होती.

"कुणी हलवलं?"

"मी," ती म्हणाली. "उद्या चाळीस नग द्यायचेत. किती वेळ वाट बघू तुमची? उंबरठ्याशी जरा अडलं. मग उचललं."

"उचललंस? एकटीने?"

"इतकं काही जड नाही हो ते," ती म्हणाली आणि एका झटक्यात सुईत दोरा ओवला.

मी खुर्चीत बसलो. दोन महिने, डॉक्टर, पंचनामा, हमीपत्र! तेवढ्यात खालून टेम्पोचा हॉर्न वाजला.

बारक्या धापा टाकत वर आला. पट्टा कसलेला होता. बोळकांड्यात गेला, ठसे पाहिले, बाहेर आला, खिडकीशी मशीन पाहिलं.

"हे कुणी केलं?"

बायकोने मान वरसुद्धा केली नाही. "यांनी," ती म्हणाली.

असा एक शब्द ऐकायला मी अकरा वर्षं थांबलो होतो. बारक्या माझ्याकडे वळला. त्याच्या नजरेत मी कधी न पाहिलेली गोष्ट होती. आदर. त्याने माझा हात हातात घेऊन दाबला, आणि मी किंचाळलो नाही, ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी शारीरिक कामगिरी होय. चहा होईपर्यंत मी तो आदर उपभोगला. खोटं कशाला सांगू, फार गोड लागला.

चहा संपल्यावर बारक्या म्हणाला, "मग चला भावोजी. ताईला कापडं ठेवायला लोखंडी कपाट आणलंय. माणसांना आज सुट्टी दिली. एरवी मी एकट्याने, पण आता तुम्ही आहात. एक टोक तुम्ही, एक मी. तीन मजले फक्त!"

माझ्या अंगातून सगळा आदर निघून गेला. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मला कळलं की मी 'नाही' म्हणालो तरी ती काही बोलणार नाही, आणि 'हो' म्हणालो तरीही नाही. तेच मला सहन झालं नाही.

"बारक्या," मी म्हणालो, "मशीन मी नाही हलवलं. हिने हलवलं. मला आज तांब्याही उचलत नाही."

बारक्या खो खो हसला. "हे बघा, किती नम्र! चला चला."

खरं बोलून कुणाचं भलं झालंय? खाली गेलो. कपाट पाहिलं आणि माझे पाय हातांसारखे झाले. मी वाकणार एवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. बायको होती. बाह्या वर सारलेल्या. "सरका," ती म्हणाली आणि टोक धरलं.

"ताई, तू?" बारक्या म्हणाला. "अगं, राहू..." पण तोवर तिचं टोक उचललं गेलं होतं.

पहिला मजला झाला. बायको खाली, बारक्या वर. ती गणवेशांचं सांगत होती. कुठल्या शाळेने कॉलर बदलली वगैरे. बारक्या "हं" म्हणत होता. दीड मजल्यावर त्याचं "हं" बंद झालं. दुसऱ्या मजल्यावर, हेडमास्तरांच्या बरोबर दारासमोर, तो म्हणाला, "ठेव ठेव ठेव," आणि जिन्यावर बसला. चेहरा बिटासारखा लाल. मग हळूहळू बाहेर आलं, की गेली तीन वर्षं तो फोनवर बसतो आणि माणसं उचलतात. पट्टा सवयीने बांधतो. 'राहू द्या' हेही सवयीनेच म्हणतो.

हेडमास्तरांनी दार उघडलं. हातात वही.

"दोन मिनिटं," बारक्या उठत म्हणाला. "आता होईल." पुन्हा हात घातला आणि पुन्हा बसला.

बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात कुचेष्टा नव्हती. खरीखुरी काळजी होती.

"राहू दे बारक्या. तुला नाही झेपायचं."

हेडमास्तरांनी लिहिलं, एवढं मी पाहिलं.

"आणि असं अडून बसायचं नसतं," ती म्हणाली. "दमलं की वजन कमी करायचं, पण थांबायचं नाही. कपाटाचे खण काढ. कप्पे पण काढ. ते तू घेऊन चल." मग माझ्याकडे वळली. "अहो, हे टोक तुम्ही धरा."

"मी? अगं, हात नाहीत मला."

"खांदा आहे ना? आपण दोघं धरू या."

दोन महिन्यांपूर्वी तिने हेच म्हटलं होतं, याच आवाजात. मी खांदा लावला. हात नुसते शोभेला ठेवले. ती "हं" म्हणाली की मी एक पायरी चढायचो. मागून बारक्या दोन खण आणि चार कप्पे घेऊन येत होता, आणि त्याच्या मागून हेडमास्तर. कपाट तिसऱ्या मजल्यावर गेलं आणि खोलीत टेकलं, तेव्हा धप्प झाला नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

संध्याकाळी बारक्या जाताना मी त्याची बॅग उचलायला वाकलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बॅग बायकोनेच खाली नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी झोपेत होतो. कोचच्या सांगण्यावरून आराम चालला होता. पुढच्या खोलीतून हाक आली.

"अहो, उठा. प्लेटा काढायला कोण येणार?"

तेव्हापासून दांडा तिच्याकडे आहे. ती एकच ड्रॉप सेट करते, मध्ये दोन दिवस सोडते. मी चार ठिकाणांहून प्लेटा गोळा करतो, चढवतो, "काढा" म्हणाली की काढतो, आवाज न करता गोधडीवर ठेवतो, आणि पुन्हा चार दिशांना नेतो. कार्यालयीन स्वभावाला हे काम फार मानवतं. एवढ्यातच एका रविवारी सहज तिच्यापुढे दंड धरला. तिने टेप गुंडाळली, खिडकीच्या उजेडात नीट पाहिलं.

"पावणेबारा," ती म्हणाली.

मी टेप उलटसुलट करून पाहिली. कुठेही सैल नव्हती.